कुत्रे एकाएकी लंगडू लागले तर काय करावे?

रात्री चांगले धडधाकट असलेले कुत्रे सकाळी एक पाय वर धरून, तीन पायांवर उड्या मारीत दारात येते. घरातील माणसे गोंधळतात. कोणी म्हणतो पाय मोडला, कोणी म्हणतो लचकला. कोणी तेलाची वाटी घेऊन पाय चोळायला बसतो, तर कोणी कपाटातील अंगदुखीची गोळी पोळीच्या तुकड्यात घालून त्याच्यापुढे टाकतो. उधना, पांडेसरा, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेल्या कुटुंबांची वस्ती मोठी आहे. गावी शेताच्या राखणीला कुत्रे असायचेच. इथेही खोलीच्या ओट्यावर, सोसायटीच्या फाटकापाशी किंवा लूमच्या खात्याच्या दाराशी एखादे कुत्रे आपल्या भाकरीवर राहतेच. त्याचा पाय दुखावला तर काय करावे आणि विशेषतः काय करू नये, याचा विचार आम्ही आज या पानावर करीत आहोत.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो. एकाएकी लंगडणाऱ्या पुष्कळ कुत्र्यांचे दुखणे साधेच असते. काटा, काच, तुटलेले नख किंवा मुरगळलेला पाय. स्वच्छता आणि विश्रांती मिळाली की ते बरे होते. पण या साध्या दुखण्यावर घाईने केलेला घरगुती उपचार कुत्र्याच्या जिवावर बेततो, आणि पाय चाचपताना झालेला चावा माणसाच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून आधी नीट पाहावे, मग सांभाळून हात लावावा, आणि औषध मात्र डॉक्टरांनी सांगितल्यावाचून देऊ नये.

आधी दुरून पाहा

कुत्र्याला लगेच धरायला धावू नये. मोकळ्या, सपाट जागी त्याला आपल्या मनाने चार पावले चालू द्यावे आणि आपण बाजूला उभे राहून पाहावे. पुढचा पाय दुखत असेल, तर तो जमिनीला टेकताना कुत्रे डोके वर उचलते आणि चांगला पाय टेकताना डोके खाली आणते. म्हणजे ज्या पायावर डोके खाली येते तो पाय धड, असे समजावे. मागचा पाय दुखत असेल, तर तो टेकताना त्या बाजूचा पुठ्ठा वर उचललेला दिसतो.

पाय थोडा तरी टेकतो की अजिबात टेकतच नाही, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. टेकत असेल तर बहुधा थोडा धीर धरता येतो. पाय नुसता लोंबत असेल, वाकडा दिसत असेल, किंवा मागचे दोन्ही पाय फरफटत असतील, तर घरी वेळ घालवू नये.

याच वेळी काही प्रश्नांची उत्तरे मनाशी जुळवून ठेवावीत. लंगडणे कालपासून आहे की आठवडाभर हळूहळू वाढत आले? गच्चीवरून उडी, दुसऱ्या कुत्र्याशी भांडण, रिक्षाचा धक्का असे काही घडले का? खाणेपिणे नेहमीसारखे आहे का? आज हा पाय आणि परवा तो पाय, असे होते का? डॉक्टरांना ही माहिती फार उपयोगी पडते, कारण मुके जनावर स्वतः काही सांगू शकत नाही.

मुसके घातल्याशिवाय पायाला हात नको

आपले कुत्रे कितीही गरीब असो, दुखऱ्या जागी हात लागला की ते चावू शकते. त्यात त्याचा दोष नाही. मळणीच्या वेळी बैलाला मुसके घालतात हे शेतकऱ्याच्या घरात सर्वांना ठाऊक असते. कुत्र्यासाठीही तसेच मुसके घरच्या घरी करता येते.

बँडेजची किंवा जुन्या सुती साडीची दोन बोटे रुंद आणि दोन हात लांब पट्टी घ्यावी. तिच्या मध्यावर सैल फास करावा. तो कुत्र्याच्या नाकाडावर चढवून बेताने आवळावा. दोन्ही टोके हनुवटीखाली नेऊन एक गाठ द्यावी, आणि मग ती कानांच्या मागे मानेवर नेऊन सहज सुटेल अशी गाठ बांधावी. एकाने डोके धरावे, दुसऱ्याने पाय पाहावा. मुले दूर ठेवावीत.

कुत्र्याला वांती होत असेल, दम लागला असेल किंवा ते पगसारखे चपट्या नाकाचे असेल, तर तोंड बांधू नये. इतर कुत्र्यांचेही तोंड उन्हाळ्यात चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ बांधलेले नसावे. कुत्रे आपले अंग मुख्यतः धापा टाकूनच थंड करते. तोंड बांधले की तो मार्ग बंद होतो.

पंजापासून सुरुवात करा

तपासणी नेहमी पंजापासून करावी, कारण कारण सापडण्याची शक्यता तिथेच जास्त. आधी धड पाय हातात घ्यावा, म्हणजे कुत्र्याची भीती मोडते आणि दोन पायांतला फरकही कळतो. मग दुखऱ्या पायाची प्रत्येक गादी, प्रत्येक दोन बोटांमधली बेचकी आणि प्रत्येक नख उजेडात पाहावे. आपल्या भागात पुढील गोष्टी विशेष लक्ष देऊन शोधाव्यात.

धागा: उधन्याच्या वस्तीत नायलॉन आणि पॉलिस्टरच्या धाग्यांचे गुंते रस्त्यावर पडलेले असतात. संक्रांतीला, म्हणजे येथील उत्तरायणाला, त्यांत पतंगाच्या मांजाची भर पडते. हा धागा बोटाला किंवा पायाला गुंडाळला जातो आणि केसांखाली दिसतही नाही. दोन-तीन दिवसांत त्याच्या खालचा भाग सुजतो. आवळलेला धागा वेळेवर निघाला नाही तर खालचे मांस सडून पाय कापावा लागतो. पंजा सुजला आहे आणि वर एखादी खाच दिसते, असे असेल तर बोटाने केस मागे सारून धागा शोधावा. वरवर असेल तर बोथट टोकाच्या कात्रीने कापावा. मांसात रुतला असेल तर आपण ओढू नये. ते डॉक्टरांचे काम. नायलॉनच्या ‘चिनी’ मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली बंदी घातली आहे. आपल्या मुलांनी तो वापरू नये, आणि सण झाला की गल्लीतला मांजा गोळा करून टाकावा.

काटा, काच, खिळा: वरवरचा काटा चिमट्याने, ज्या दिशेने शिरला त्याच्या उलट सरळ ओढून काढावा. खोल शिरलेली काच किंवा खिळा उपटला तर रक्ताची धार लागू शकते. तो तसाच ठेवून भोवती स्वच्छ कपडा सैल गुंडाळावा आणि डॉक्टरांकडे न्यावे.

नख: अर्धे तुटून लोंबणारे नख फार दुखते आणि रक्तही बरेच येते. स्वच्छ फडक्याने पाच-दहा मिनिटे न सोडता दाबून धरावे. अंगठ्याचे नख जमिनीला लागत नाही, त्यामुळे झिजत नाही. ते वाढून गोल वळते आणि मांसात घुसते. हे नख पाहायला लोक विसरतात.

भाजणे: वैशाखात दुपारी डांबरी रस्ता आणि पत्र्याचे छप्पर इतके तापते की पंजाच्या गाद्या सोलवटतात. आपल्या तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून पाहावी. सात सेकंद ठेववत नसेल तर ती जागा कुत्र्याच्या पायालाही सोसणार नाही. पांडेसऱ्याकडे कापड रंगविणाऱ्या आणि छापणाऱ्या मिली आहेत. अशा ठिकाणच्या सांडपाण्यातून कुत्रे चालून आले असेल आणि पंजे लाल झाले असतील, तर लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटे धुवावेत. ते पाणी कुत्र्याने चाटू नये.

डांबर: चिकटलेल्या डांबरावर खाण्याचे तेल चोळून ते मऊ करावे आणि मग साबणाने धुवावे. रॉकेल किंवा पेट्रोल लावू नये. कातडी भाजते, आणि कुत्रे ते चाटून पोटात घेते.

किडे: पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशा बसतात आणि एक-दोन दिवसांत त्यात किडे पडतात. अशा जखमेत फिनेल, रॉकेल किंवा पेट्रोल ओतण्याची चाल आहे. ती सोडून द्यावी. किडे मरतात हे खरे, पण आजूबाजूचे धड मांसही भाजते, आणि फिनेल अंगात भिनले तर ते कुत्र्याला विषारी आहे. डॉक्टर किडे काढून, जखम धुऊन, वजनाप्रमाणे औषध देतात.

गोचीड: बोटांच्या बेचक्यांत गोचिडी लपून बसतात. त्यांच्याविषयी पुढे वेगळे सांगितले आहे.

जखम धुण्यासाठी घरचे मिठाचे पाणी उत्तम. अर्धा लिटर पाणी उकळून थंड करावे आणि त्यात लहान चमचाभर मीठ विरघळवावे. दुकानात मिळणारे पोव्हिडोन आयोडीन वापरायचे तर पाण्यात इतके पातळ करावे की त्याचा रंग कोऱ्या पातळ चहासारखा दिसेल. पट्टी बांधलीच तर सैल बांधावी. पट्टीखाली एक बोट सहज गेले पाहिजे. पट्टीखालची बोटे सुजली किंवा गार पडली तर ती ताबडतोब सोडावी.

पंजा साफ असेल तर

पंजात काही सापडले नाही, तर हळूहळू वर यावे. प्रत्येक सांधा सावकाश वाकवून पाहावा आणि धड पायाशी ताडून पाहावा. सूज, ऊब किंवा कुत्र्याचे एकदम अंग चोरणे, यांवरून जागा कळते. कटकट असा आवाज आला किंवा पाय भलत्या ठिकाणी वाकला, तर हाड मोडले असे समजून तिथेच थांबावे.

मध्यम आणि मोठ्या कुत्र्यांत मागचा पाय एकाएकी दुखावण्याचे एक मोठे कारण म्हणजे गुडघ्याच्या आतली दोरीसारखी शीर, म्हणजे अस्थिबंध, तुटणे. असे कुत्रे उभे राहताना नुसती बोटे टेकवते. विश्रांतीने बरे वाटते आणि पळाले की पुन्हा लंगडते. पॉमेरेनियन म्हणून घरोघर पाळल्या जाणाऱ्या लहान, झुबकेदार कुत्र्यांत गुडघ्याची वाटी सरकते. ते चालता चालता चार पावले पाय उचलते आणि मग काही झालेच नाही असे चालू लागते. हा खेळ नव्हे. ते डॉक्टरांना दाखवावे. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड यांसारख्या जातींत कमरेच्या सांध्याचा आनुवंशिक दोष आढळतो. म्हाताऱ्या मोठ्या कुत्र्याच्या पायावर टणक गाठ दिसली आणि लंगडणे वाढत गेले, तर हाडाच्या कर्करोगाचीही शंका घ्यावी लागते.

नुसत्या पोळीवर आणि भातावर वाढलेल्या पिल्लांची हाडे कच्ची राहतात. धान्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, फार कमी असते. नुसत्या मांसातही ते कमीच असते. अशा पिल्लाने ओट्यावरून उडी मारली तरी हाड मोडते. पिल्लाचे पाय बाकदार दिसत असतील, तर उपचाराबरोबर आहारही विचारून घ्यावा. मात्र कॅल्शियमचे औषध मनाने भरमसाट पाजू नये. मोठ्या जातीच्या पिल्लांना त्याचाही अपाय होतो.

शेतावर किंवा उसाच्या फडाजवळ असलेले कुत्रे लंगडत आले आणि पाय डोळ्यांदेखत सुजत चालला, तर सापाचा विचार आधी करावा. घोणस चावली तर सूज झपाट्याने वर चढते आणि जखमेतून रक्त पाझरत राहते. चिरा देऊ नये, करकचून बांधू नये, मंत्र-तंत्रात वेळ घालवू नये. कुत्र्याला न चालवता, उचलून दवाखान्यात न्यावे. सर्पविषावरची लस कुत्र्यालाही देता येते.

माणसाची गोळी देऊ नका

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. माणसाच्या अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नयेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि ॲसिक्लोफिनॅक या औषधांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटॅमॉल जास्त झाले तर यकृत बिघडते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते. मांजराला तर त्याची एक गोळीही मारक ठरू शकते. बाजारातील कित्येक गोळ्यांत यांतील दोन औषधे एकत्र असतात, म्हणून धोका आणखी वाढतो.

मात्रेचा हिशेब एकदा पाहावा. मेलॉक्सिकॅम नावाचे एक औषध माणसांनाही देतात आणि जनावरांचे डॉक्टर ते कुत्र्यांनाही देतात. पण माणसाची गोळी साडेसात किंवा पंधरा मिलिग्रॅमची असते, आणि दहा किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच पुरते. म्हणजे एक अख्खी गोळी ही कितीतरी पटींची मात्रा झाली. शिवाय ताप, उलट्या किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टर ती थोडी मात्राही देत नाहीत.

डायक्लोफिनॅकचा अनुभव तर आपल्या देशाने फार महाग विकत घेतला. गुरांना टोचलेले हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसावाटे गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे बंद पडून ती मरू लागली. हे २००४ साली शास्त्रज्ञांनी उघडकीस आणले. २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली, आणि २०२३ साली किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांच्यावरही तशीच बंदी आली. पूर्वी गावाबाहेर टाकलेले ढोर गिधाडे काही वेळात फस्त करीत. तोवर भारतातील गिधाडांच्या काही जाती जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. मेलेले ढोर कुत्र्यांच्या वाट्याला येऊ लागले आणि कुत्र्यांची संख्या वाढली, असे अभ्यासक सांगतात.

चुकून गोळी दिली गेली असेल, तर लपवू नये. औषधाचे पाकीट घेऊनच डॉक्टरांकडे जावे. उलटी, डांबरासारखी काळी शी, खाणे सोडणे आणि लघवी कमी होणे ही धोक्याची लक्षणे होत. पण ती दिसेपर्यंत वाट पाहू नये.

घरी एवढेच करावे

पाय थोडा टेकतो, सूज फारशी नाही, कुत्रे खाते-पिते, अशा वेळी एक-दोन दिवस विश्रांती देऊन पाहायला हरकत नाही. विश्रांती म्हणजे बांधून ठेवणे. लघवीपुरते दोरीने बाहेर न्यावे आणि परत आणावे. जिने, उड्या, मुलांबरोबर धावणे, सारे बंद. बसायला सावलीत गोणपाट किंवा जुनी गोधडी द्यावी. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो.

पहिल्या दिवशी मुरगळलेल्या जागी फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा धरावा. बर्फ उघडा लावू नये. तेलाने चोळू नये. ताज्या दुखापतीवर चोळल्याने सूज वाढते, आणि हाडाला चीर असेल तर ती उकलते. हाडवैद्याकडून पाय ओढून घेणे, बांबूच्या कामट्या आवळून बांधणे हेही टाळावे. हाड कुठे मोडले हे क्ष-किरण फोटोशिवाय नक्की कळत नाही. चुकीच्या जागी बांधलेली कामटी मोडके टोक मांसात घुसवते.

दवाखान्यात केव्हा न्यावे

पुढील लक्षणे दिसली तर ताबडतोब, रात्र असली तरी न्यावे: हाड बाहेर दिसणे, दाबूनही रक्त न थांबणे, वाहनाचा धक्का लागलेला असणे, हिरड्या पांढऱ्या पडणे, मागचे दोन्ही पाय फरफटणे, झपाट्याने वाढणारी सूज. निरोगी कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी असतात. वाहनाखाली आलेले कुत्रे वरून फक्त लंगडत असते, पण आत रक्तस्राव चालू असतो. हिरड्यांचा रंग त्याची खूण देतो.

पाय अजिबात टेकत नसेल, ताप असेल किंवा खाणे सुटले असेल, तर त्याच दिवशी न्यावे. कुत्र्याच्या अंगाची उष्णता आपल्यापेक्षा जास्तच असते. १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट ही तिची नेहमीची पातळी. म्हणून नुसते अंग गरम लागले एवढ्यावरून ताप ठरवू नये. दोन दिवसांच्या विश्रांतीने फरक पडला नाही, किंवा बरे झालेले लंगडणे पुन्हा सुरू झाले, तरी दाखवावेच.

नेताना कुत्र्याला बखोट धरून उचलू नये. फळी, जाड पुठ्ठा किंवा ताणून धरलेली गोधडी तिच्या खाली सरकवावी आणि दोघांनी मिळून उचलावे. दुखरी बाजू वर ठेवावी.

गोचिडीचा ताप

लंगडणे आज पुढच्या पायात, परवा मागच्या पायात, शिवाय ताप, सुस्ती आणि फिकट हिरड्या, असे असेल तर दुखणे पायाचे नसून रक्ताचे असू शकते. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड रक्त पिताना एर्लिकिया नावाचे सूक्ष्म जंतू अंगात सोडते. त्यामुळे रक्त गोठविणाऱ्या पेशी कमी होतात आणि सांधे दुखतात. कधी कधी नाकातूनही रक्त येते. दमट-उष्ण हवेत हा विकार सर्रास आढळतो. रक्त तपासून निदान होते, आणि वेळेवर औषध सुरू केले तर बहुतेक कुत्री बरी होतात. अशा कुत्र्याला ‘पाय दुखतो’ म्हणून वेदनाशामक गोळी दिली, तर आतला रक्तस्राव वाढतो. माणसाची गोळी न देण्याचे हे आणखी एक कारण.

गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. हाताने चिरडू नये, काडीने जाळू नये. ही गोचीड भिंतींच्या फटींत, ओट्याच्या भेगांत अंडी घालते. म्हणून कुत्र्याबरोबर त्याची बसायची जागाही स्वच्छ करावी आणि फटी बुजवाव्यात. गोठ्यात फवारायचे कीटकनाशक अंदाजाने कुत्र्याच्या अंगाला चोळू नये. ते चाटून कुत्री दगावतात.

चावा झाला तर

रेबीज झालेले प्रत्येक कुत्रे पिसाळून धावत नाही. मुक्या रेबीजमध्ये कुत्रे गप्प होते, मागचे पाय लटपटतात, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो. पाहणाऱ्याला वाटते, पाय दुखावला आहे किंवा घशात हाड अडकले आहे. म्हणून लटपटणाऱ्या, लाळ गाळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात कधीही घालू नये.

चावा किंवा ओरखडा झाला, किंवा जखमेवर लाळ लागली, तर ती जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. रक्त निघाले असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचे औषधही विचारावे. ‘पोटात चौदा इंजेक्शने’ या भीतीने कित्येक जण आजही जायचे टाळतात. ती जुनी लस भारतात २००४ सालीच बंद झाली. आता लस दंडावर देतात आणि चार किंवा पाच फेऱ्यांत पूर्ण होते. चावणारे कुत्रे ओळखीचे असेल तर दहा दिवस नजरेखाली ठेवावे, पण त्यासाठी लस लांबवू नये. रेबीज एकदा दिसू लागला की त्यावर उपाय जवळजवळ नाहीच. आपल्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात पहिली लस आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी लस द्यावी.

रस्त्यावरचे कुत्रे असेल तर

अनोळखी, जखमी कुत्र्याला स्वतः धरू नये. पाणी थोडे दूर ठेवावे, मुलांना बाजूला करावे आणि मदत बोलवावी. गुजरात सरकारने २०१७ साली ‘करुणा’ पशु रुग्णवाहिका सुरू केली. तिच्यासाठी १९६२ या क्रमांकावर फोन करावा लागतो. जागा नीट सांगावी: गल्ली, जवळचे खाते, फाटकाची खूण. गाडी येईपर्यंत एकाने तिथे थांबावे, नाही तर कुत्रे निघून जाते. आपल्या घरच्या कुत्र्यासाठी गावात दवाखाने आहेतच; शिवाय उधन्याहून गाडीने जवळच असलेल्या नवसारीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

कानाला खाच असलेले कुत्रे म्हणजे नसबंदी झालेले कुत्रे. नसबंदीच्या वेळी रेबीजची लसही देतात. पण तिची मुदत सरत असते, म्हणून खाच पाहून निर्धास्त होऊ नये. लंगडे कुत्रे दगड मारून हाकलणे हा कायद्याने गुन्हा आहेच, आणि शहाणपणाचेही नाही. दुखावलेले आणि घाबरलेले कुत्रेच चावते.

सुरतेला अशा जनावरांची सोय काही आजची नव्हे. १६८९ साली जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री सुरतेस आला. त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे की शहरापासून मैलभरावर बनिया लोकांनी चालविलेले एक मोठे इस्पितळ होते, आणि त्यात गाई, घोडे, बकऱ्यांबरोबर आजारी, लंगडी व म्हातारी कुत्रीही ठेवली जात. त्या काळी क्ष-किरण नव्हते, लस नव्हती; निवारा आणि अन्नपाणी एवढेच देता येत होते. आज औषध आहे, फोन केला तर गाडी येते. त्याचा उपयोग करून घेणे आपल्या हाती आहे.

थोडक्यात

१. आधी दुरून पाहा: कोणता पाय, टेकतो की नाही.
२. मुसके घालूनच पायाला हात लावा. अनोळखी कुत्र्याला लावूच नका.
३. पंजा, बेचक्या, नखे उजेडात तपासा. धागा आणि मांजा विसरू नका.
४. माणसाची गोळी, फिनेल, रॉकेल, तेल चोळणे, कामट्या, सारे वर्ज्य.
५. पाय टेकत असेल तर दोन दिवस बांधून विश्रांती. टेकत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर.
६. हिरड्या पांढऱ्या, दोन्ही पाय लुळे, वाहनाचा धक्का, झपाट्याने सूज: तत्काळ दवाखाना.
७. चावा झाला तर साबण, पाणी, पंधरा मिनिटे आणि त्याच दिवशी लस.

हा कागद कापून औषधांच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवावा. कुत्र्यासाठी गोळी काढायला हात जाईल तेव्हा तो समोर दिसेल.